स्लॅब टाकला, घर राहिलं

राम राम मंडळी. आज सरकारी घरकुलाबद्दल बोलायचंय, पण मंजुरी कशी मिळवायची ते नाही, मंजूर झालेलं घर पुरं कसं व्हायचं ते. धुळे, नंदुरबार, जळगाव, कुठल्याही तालुक्यात आतल्या रस्त्याला लागा, भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत, येऊन थांबल्यात, सळ्या उघड्यावर गंजताहेत आणि माणसं बाजूच्या कुडाच्या झोपडीतच राहताहेत, अशी घरं दिसतातच.

असं का होतं? प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ ला आली, त्यात सपाट भागाला १ लाख २० हजार, डोंगरी-दुर्गम भागाला १ लाख ३० हजार, संडासचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी धरलेली. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. पैसा टप्प्याटप्प्यानं येतो, जोतं झालं की फोटो, मग पुढचा हप्ता. आता घरधनी म्हणतो आयुष्यात एकदाच बांधतोय तर एक खोली जास्त काढू, पोरगं मोठं होतंय, उद्या सून येईल, आणि त्यात त्याचं काय चुकलं? पण जोतं वाढलं की विटा, सिमेंट, सळई सगळंच वाढतं आणि पैसा लिंटेललाच सरतो, मग घराला कुलूप लावायला दार पण नाही आणि कुटुंब ऊसतोडीला गुजरातला निघून जातं. म्हणून माझं म्हणणं, आधी एक खोली नि स्वयंपाकघर पुरं छतासकट करा, बाजूच्या भिंतीत विटांचे दाते सोडून ठेवा, पुढची खोली पुढं जोडता येते. वाळूचं पण विचारा, राज्याच्या धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू मोफत आहे, ती मागून घ्या, नाहीतर गिरणा नदीची वाळू विकत घेता घेताच अर्धा हप्ता जातो.

आता पाण्याचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं बांधकाम उरकतं उन्हाळ्यात, तेव्हा जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो आणि गावात टँकर चालू. स्लॅब टाकला की निदान १० दिवस तो ओला राहायला पाहिजे, वर मातीची आळी करून पाणी साठवायचं, भिंतींना गोणपाट बांधून भिजवायचं, पण ज्या बाईला प्यायचा हंडा लांबून आणावा लागतो ती स्लॅबला पाणी कुठून मारणार? मग भेगा पडतात नि पहिल्याच पावसाळ्यात घर गळतं. तिथं केळीबागवाल्या, बोअरवाल्या भाऊंनी रोज एक टाकी पाणी दिलं तरी ते रोख मदतीपेक्षा मोठं आहे, खरंच सांगतो.

आणि हे आपल्याला नवीन नाही. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडं भिल्ल-पावरा लोकांत लाह असते, एकाचं घर उभं करायला सगळा पाडा येतो, घरवाला जेवण देतो, मजुरी कोणी मागत नाही, उद्या दुसऱ्याकडं तो जातो. सपाटीवरच्या गावांत पण धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, माती टाकायला शेजारीपाजारी यायचेच की. सिमेंट आलं, ठेकेदार आला आणि ज्याचं त्याचं घर झालं. प्लास्टर, फरशी, दार बसवणं, ही कामं चार माणसांत दोन-तीन दिवसांत होतात हो!

ज्यांच्यावर पत्रे आहेत त्यांनी वरून चुन्याचे दोन हात मारा, आत दुपारी बसवत नाही, त्यात तरी फरक पडतो. समोरासमोर खिडक्या ठेवा, चुलीच्या वर धूर जायला जागा ठेवा, घरातल्या आयाबायांचे डोळे वाचतील.

तर एवढं करा. ग्रामसेवकाकडं (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) जाऊन गावात कोणाचं घरकुल कुठल्या टप्प्यावर अडलंय ते विचारा, पारावर बसून ठरवा पाणी कोणाच्या बोअरचं, ट्रॅक्टर कोणाचा, कुठला गवंडी एक दिवस देतो. सुरुवात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मायच्या किंवा नवरा गेलेल्या बहिणीच्या घरापासून करा, गवंड्याच्या मागं फिरायला तिच्याकडं दुसरं कोणी नाही. आणि दार-खिडक्या मृगाच्या आत बसल्या पाहिजेत.