पानातली भाकरी आणि पाठीवरचे ऊन

(आरंभदृश्य: भर दुपार. बांधावर रोवलेली काठी. तिची सावली बुंध्याशी गोळा होत जाते.)

मे महिन्याच्या मध्यावर पुणे परिसरात एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या उन्हात कांदा काढणाऱ्या या बायकांकडे पाहा. डोक्यावरून पदर, पदरावर पंचा आणि लुगड्यावर घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनात अतिनील किरणांचा निर्देशांक ११ किंवा त्याहून अधिक झाला की तो 'अतितीव्र' मानला जातो. हा आकडा या बायकांना कोणी सांगितलेला नाही, पण शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या आहेत.

(दृश्य: शहरातील स्वयंपाकघर. ताट वाढले जाते.)

त्याच दुपारी शहरातल्या एका घरी वाढलेले हे पान आहे. त्यात पनीर आहे, अंड्याची भुर्जी आहे, मेथीची भाजी, काकडी आणि लोण्याचा गोळा आहे. भाकरी, पोळी आणि भात मात्र नाही. कर्बोदके दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवणारा हा कीटो आहार आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, त्यामुळे त्यात भाकरीला जागा उरत नाही. असे जेवणारी मंडळी वजन आणि साखर यांबद्दल बोलतातच, पण त्यांच्यापैकी काही जण आणखी एक गोष्ट सांगतात : भात-पोळी सोडल्यापासून आम्हाला ऊन बाधत नाही, कातडी पूर्वीसारखी भाजत नाही. या एका वाक्याचा मागोवा आम्ही घेतला.

आपल्या भाषेत 'ऊन लागले' असे म्हटले की दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बसतात. एक आहे उष्णतेचा त्रास; त्यात डोके दुखते, चक्कर येते आणि ते प्रकरण शरीरातील पाणी, क्षार आणि तापमान यांचे असते. दुसरी गोष्ट कातडीची असून ती उष्णतेने नव्हे, तर अतिनील किरणांनी होते. यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्वचेच्या वरच्या थरातील पेशींत शिरतात आणि तेथील डीएनएच्या साखळीत शेजारी-शेजारी असणारे घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. बिघडलेल्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काही तासांनी कातडी लाल होऊ लागते. ही लाली १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचते. आपल्या सावळ्या वर्णात ती चटकन दिसत नाही. आपण 'चेहरा रापला' एवढेच म्हणतो, परंतु आतली दुखापत त्याच जातीची असते.

(दृश्य: त्वचाविभागातील अंधारी खोली. पाठीवर चौकोनी खिडक्यांचा पट्टा चिकटवला जातो.)

ही दुखापत मोजता येते. पाठीच्या, शक्यतो एरवी ऊन न लागणाऱ्या भागावर लहान लहान चौकोनी खिडक्या असलेला पट्टा चिकटवला जातो आणि बाकीचे अंग कापडाने झाकले जाते. दिवा लावल्यावर पहिल्या खिडकीला सर्वांत कमी मात्रा मिळते, दुसरीला त्याहून थोडी अधिक, तिसरीला आणखी अधिक, आणि याच क्रमाने शेवटपर्यंत. तंत्रज्ञ घड्याळाकडे पाहत एकेक खिडकी झाकत जातो. खोलीत कोणी बोलत नाही. केवळ पंख्याचा आवाज येतो. चाचणी देणाऱ्याला त्या क्षणी काहीही जाणवत नाही आणि तो शर्ट घालून घरी जातो. दुसऱ्या दिवशी, साधारण २४ तासांनी, त्याच पाठीवर चौकोनांची रांग उमटलेली असते : पहिले काही चौकोन कोरे, मग एक जेमतेम गुलाबी आणि त्यापुढचे अधिकाधिक गडद. ज्या चौकोनात पहिली लाली नक्की दिसते, त्याची मात्रा ही त्या व्यक्तीची किमान लालीमात्रा होय. आहाराने उन्हाची संवेदनशीलता बदलली असे म्हणायचे असेल, तर हा आकडा आहारापूर्वी आणि आहारानंतर, पाठीच्या त्याच भागावर, मोजावा लागतो.

'मला आता ऊन बाधत नाही' हे मोजमाप तसे नसते. मार्चमध्ये ज्याची कातडी भाजली, त्याच्या त्वचेत मेपर्यंत मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य वाढलेले असते आणि वरचा थरही जाड झालेला असतो. अशा माणसाने एप्रिलमध्ये भात सोडला तर श्रेय भाताच्या त्यागाला जाते. आहार बदलणारा माणूस बहुधा पहाटे फिरायलाही लागलेला असतो, आणि पहाटेच्या उन्हात हे किरण नाममात्र असतात. ही माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांनी एकाच वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात, एवढेच.

(दृश्य: कढईत तळल्या जाणाऱ्या पुऱ्या, तेलाच्या डब्यांची रांग.)

भात-पोळीबरोबर नकळत बदलणाऱ्या अशा गोष्टींपैकी एक म्हणजे तेल, आणि त्याची गोष्ट सर्वांत जुनी आहे. वर उल्लेखिलेली प्रोस्टाग्लँडिन रसायने प्रामुख्याने ज्या मेदाम्लापासून बनतात, ते ओमेगा-६ कुळातले असून सूर्यफूल, करडई यांसारख्या तेलांतून त्या कुळाचा भरपूर पुरवठा होतो. पोळी-भाताबरोबर पुरी, फरसाण आणि बिस्किटेही सुटली, तर हे तेल कमी होते. मेदाचा आणि उन्हाचा संबंध १९३९ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे बाउमन आणि रश यांनी उंदरांवर दाखवला. मेदयुक्त आहारावरील उंदरांत अतिनील किरणांमुळे होणाऱ्या गाठी लवकर आल्या. माणसांवरचा प्रयोग ह्यूस्टनमध्ये झाला आणि १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्वचेचा कर्करोग होऊन गेलेले ७६ रुग्ण होते. निम्म्यांनी नेहमीचे जेवण चालू ठेवले. निम्म्यांनी मेदातून येणारे उष्मांक जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांवर आणले. दोन वर्षांच्या या प्रयोगात, चौथ्या महिन्यापासून अखेरपर्यंत, पहिल्या गटात उन्हामुळे येणारे नवे खरबरीत चट्टे माणशी सरासरी १० आणि दुसऱ्या गटात ३ आले. हे चट्टे म्हणजे तात्पुरती लाली नव्हे, हे खरे. तरीही उन्हापासून बचाव झाला तो लोणी कमी करणाऱ्यांचा, ही गोष्ट लोण्याचा गोळा वाढून घेणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. याउलट इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे रोज १० ग्रॅम माशाचे तेल घेणाऱ्यांची किमान लालीमात्रा सहा महिन्यांत दुपटीच्या आसपास गेली. तेव्हा प्रश्न मेद किती, याबरोबरच मेद कोणता, हाही आहे.

(दृश्य: नारायणगावचा बाजार. टोमॅटोचे क्रेट, त्यांवर पडणारे सकाळचे ऊन.)

जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या या बाजारात पहाटेपासून टोमॅटोच्या क्रेटची उतराई चालते. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य वनस्पतीच्या रंगद्रव्यांच्या त्या कुळातले आहे, जे प्रकाशाने निर्माण होणारे उपद्रवी ऑक्सिजन रेणू निष्प्रभ करते. जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांनी रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर खाल्ली. चार आठवड्यांनी काहीच फरक दिसला नाही. दहा आठवड्यांनी मात्र त्यांच्या त्वचेवरील लाली, फक्त तेल घेणाऱ्यांच्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी भरली. लायकोपीन तेलात विरघळते आणि टोमॅटो शिजवल्यावर अधिक सुटे होते, म्हणून कच्च्या कोशिंबिरीपेक्षा फोडणी दिलेले सार येथे उजवे ठरते. भात सोडून पालेभाज्या, टोमॅटो आणि सढळ तेल-तूप खाणाऱ्याच्या पोटात ही रंगद्रव्ये वाढतात. ती साराबरोबर भात खाणाऱ्याच्याही पोटात जातातच.

(दृश्य: ज्वारीचे शेत, डोलणारी कणसे. मग भाकरी थापणारे हात.)

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहायची तर दख्खनच्या पठाराकडे वळावे लागते, कारण आहारामुळे त्वचा उन्हाला हळवी होते याचा निर्विवाद दाखला येथे सापडला होता. त्या आजाराचे नाव पेलाग्रा. मान, हातांचे पंजे, पावले, म्हणजे जिथे जिथे ऊन पोहोचते तिथे कातडी आधी लाल, मग काळी, जाड आणि भेगाळ होते, आणि कापडाची कड जिथे सुरू होते तिथे चट्टा रेघ मारल्यासारखा थांबतो. गळ्याभोवतीच्या पट्ट्याला, १७३५ साली स्पेनमध्ये हा आजार प्रथम नोंदवणाऱ्या गास्पार कासाल यांच्या नावाने, 'कासालचा हार' म्हणतात. तेथे आणि इटलीत हा मका खाणाऱ्या गरिबांचा आजार होता. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ साली मिसिसिपीतील एका तुरुंगशेतीवर, माफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मक्याचे पीठ, भात, काकवी अशा जवळजवळ निव्वळ कर्बोदकांच्या जेवणावर ठेवले. ११ पैकी ६ जणांना सहा महिन्यांच्या आत पेलाग्रा जडला. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयेम यांनी उणीव कशाची ते दाखवले : नायसिन या जीवनसत्त्वाची.

दख्खनमध्ये मका नव्हता, ज्वारी होती. हैदराबादची जी प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली गेली, तेथील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीवरच पोट भरणाऱ्यांमधील पेलाग्राचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. त्या सिद्धांतावर पुढे मतभेद झाले. मात्र आजारी पडत होती ती भाकरीबरोबर दुसरे काहीच न मिळणारी माणसे. डाळ, ताक आणि शेंगदाण्याचा ठेचा शेजारी आला की चित्र पालटते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत १२ मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असते. पेलाग्रा हा कर्बोदके खाण्याचा आजार नसून एकट्या धान्यावर दिवस काढण्याचा आजार आहे, आणि म्हणून ज्वारीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हाला रास्त वाटत नाही.

याच जीवनसत्त्वाचे एक रूप, निकोटिनामाइड, सिडनीतील ३८६ जणांवर तपासले गेले. त्वचेचा कर्करोग पूर्वी होऊन गेलेल्या या लोकांपैकी ज्यांनी वर्षभर दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम घेतले, त्यांच्यात नव्या गाठी २३ टक्क्यांनी कमी झाल्या, असे २०१५ साली जाहीर झाले. उन्हाने मोडलेला डीएनए सांधायला पेशीला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेत नायसिन असते.

(दृश्य: पाठ, मान आणि छातीवरील जाळीदार पुरळ, जवळून.)

कर्बोदके एकाएकी तोडणाऱ्या काहींच्या पाठीवर आणि छातीवर असे जाळीदार, खाजरे पुरळ उठते. जपानमध्ये १९७१ साली नागाशिमा यांनी वर्णन केलेले हे पुरळ आपल्याकडे घामोळे किंवा उन्हाची बाधा समजले जाणे सोपे आहे. पुन्हा कर्बोदके घेतल्यावर ते बहुधा ओसरते. त्यावर दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिन या औषधाने मात्र त्वचा उन्हाला खरोखरच हळवी होते. पॉर्फिरिया या आनुवंशिक विकाराच्या काही प्रकारांत उपवास किंवा कर्बोदकांची कपात पोटदुखीचा गंभीर झटका आणू शकते, आणि त्यांपैकी व्हेरिगेट प्रकारात उन्हाने कातडीवर फोडही येतात. अशांनी हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

(अंत्यदृश्य: बांधावरचे झाड. फडके सोडले जाते.)

कांद्याच्या वाफ्यात जेवणाची सुट्टी झाली आहे. फडक्यात ज्वारीच्या भाकऱ्या आहेत, शेंगदाण्याचा ठेचा आहे, हाताने फोडलेला कांदा आहे आणि आज एकीने पिठलेही आणले आहे. काठीची सावली पूर्वेला वीतभर सरकली आहे. हात धुऊन झाल्यावर बायका आधी शर्टाच्या बाह्या खाली ओढतात, मग उन्हात उतरतात.