‘संशयकल्लोळ’: संशय सगळ्यांना, झळ कोणाला?

नमस्कार मंडळी.

हातात मावेल एवढी एक तसबीर. ती एका तरुणीकडून रस्त्यात पडते. दुसऱ्या एका बाईला सापडते. तिच्याकडून तिच्या नवऱ्याच्या हाती जाते. आणि त्या नवऱ्याच्या हातात ती नेमकी कोणाला दिसावी? ज्याची तसबीर आहे, त्यालाच! एवढ्याशा भांडवलावर गोविंद बल्लाळ देवलांनी आख्खं नाटक उभं केलं. ‘संगीत संशयकल्लोळ’.

या नाटकाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण फाल्गुनरावाबद्दल बोलतो. साहजिक आहे, इतकी रसरशीत भूमिका आहे ती. पण आज मला रेवती आणि कृत्तिका या दोघींबद्दल बोलायचंय. नाटकात प्रेम आहे, निष्ठा आहे, संशय तर पावलोपावली आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की संशय जर सगळ्यांनाच येतो, तर त्याची झळ सगळ्यांना सारखी बसते का?

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे नवराबायको, दोघेही एकमेकांवर कायम संशय घेणारे. दुसरीकडे अश्विनशेठ हा श्रीमंत तरुण आणि रेवती ही गाणारी मुलगी, यांचं एकमेकांवर प्रेम. अश्विनशेठने आपली तसबीर रेवतीला दिलेली असते. रस्त्यात तिला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेवढंच कृत्तिकेला दिसतं. झालं, तिची खात्री पटली! मग पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, निरखून बघते, आणि आता तेवढंच फाल्गुनरावाला दिसतं. पुढे ती फाल्गुनरावाच्या हातात बघून अश्विनशेठची खात्री पटते, की रेवतीने आपली आठवण दुसऱ्याला देऊन टाकली. खोटं कोणी बोललेलं नाही. प्रत्येकाने जे पाहिलं, ते खरंच घडलेलं आहे. चुकलाय तो त्याचा अर्थ. विनोदी नाटकाची इतकी घट्ट वीण मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडते.

[पडद्यावर: १६६० पॅरिस, १७६१ लंडन, १८९३ आणि १९१६ मराठी रंगभूमी]

ही वीण मुळात देवलांची नाही, हे ते नाटक आवडणाऱ्यांनी आनंदाने सांगावं. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएर या फ्रेंच नाटककाराने एक छोटं प्रहसन केलं, त्यात स्गानारेल नावाच्या संशयी नवऱ्याचं काम तो स्वतः करायचा. भोवळ आलेली मुलगी, तिला सावरणारा नवरा, ते बघणारी बायको, पडलेली तसबीर, सगळं त्यात आहे. १७६१ साली लंडनमध्ये आर्थर मर्फीने त्याचं मोठं नाटक केलं. त्याचं नाव ‘ऑल इन द राँग’, म्हणजे सगळ्यांचंच चुकलं. देवलांनी मर्फीचं नाटक घेतलं आणि १८९३ मध्ये गद्य नाटक लिहिलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्यात पदं घालून ते संगीत नाटक झालं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी देवल गेले.

जाता जाता मोलिएरची एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडते. त्याच्या नाटकात हा सगळा गुंता सोडवते ती नायिकेची दासी. मोठमोठे लोक आरडाओरडा करत असताना ती पुढे येते आणि एकेकाला सरळ प्रश्न विचारत जाते. तुम्ही काय पाहिलंत? तुमच्याकडे ही वस्तू कुठून आली? बस्स. नाटकात सगळ्यात खालच्या पायरीवर उभी असलेली बाईच तेवढी शहाणी निघते.

आता मुद्द्यावर येते. मर्फीच्या नाटकातली नायिका बेलिंडा ही प्रतिष्ठित घरातली मुलगी आहे. तिची अडचण आहे तिचा बाप. त्याला तिचं लग्न दुसऱ्याच मुलाशी लावायचंय. मोलिएरकडेही अडचण बापाचीच. देवलांनी काय केलं? त्यांनी या बेलिंडाची रेवती केली, आणि रेवती ही मघा नावाच्या नायकिणीची मुलगी आहे.

इथे थांबू या, कारण माझ्या मते या एका बदलाने सगळं नाटक फिरतं.

नायकिणीचं घर म्हणजे गाण्यानाचण्यावर आणि धनिकांच्या आश्रयावर चालणारं घर. तिथे घर पुढे चालवायचं ते मुलीने. गोव्यातल्या कलावंत घरांमध्ये मुलींचा शेंसविधी व्हायचा. दिसायला लग्नासारखा, पण त्यात नवरा नसायचा. अशा घरातल्या मुलीने एकाच माणसाशी लग्न करून संसार थाटायचा म्हणणं, ही तिच्या घरालाही आणि बाहेरच्या समाजालाही न पटणारी गोष्ट. घराला वाटणार, पोट कसं भरायचं? आणि समाज म्हणणार, ही आणि एकनिष्ठ?

बेलिंडावर संशय आला, तर तिचा प्रियकर रागावतो, रुसतो, भांडतो. तिच्या जन्माबद्दल तो काही बोलू शकत नाही. रेवतीवर संशय आला की अश्विनशेठला पुरावा शोधत बसावंच लागत नाही. ‘शेवटी नायकिणीचीच मुलगी’ हे वाक्य समाजाने आधीच तयार करून ठेवलेलं आहे.

आणि हे देवलांना पक्कं माहीत होतं, असं मी पदांवरून म्हणते. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. आजही मैफलींत म्हटलं जातं. रेवतीच्या रूपावर आणि गळ्यावर भाळलेल्या अश्विनशेठचं पद. आता याच नाटकातलं दुसरं पद ऐका, ‘ही बहु चपल वारांगना’. तोच माणूस, तीच मुलगी. मध्ये फक्त एक तसबीर आलीय. ज्या गाण्यामुळे आणि ज्या घरामुळे ती त्याला भेटली, तेच गाणं आणि तेच घर आता तिच्याविरुद्धचा पुरावा झालं. ही दोन पदं लागोपाठ ऐका, माझी विनंती आहे. अश्विनशेठ वाईट माणूस नाही. तो खरोखर प्रेमात आहे, चारचौघांत तिच्याशी लग्न करायला निघालाय, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पण चांगल्या माणसाच्या तोंडूनही संशयाच्या पहिल्या तडाख्याला जे बाहेर पडतं ते हे. देवल त्याला सोडत नाहीत, त्याला ते गायला लावतात.

या जागी देवलांचं आणखी एक नाटक आठवायलाच हवं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चं संगीत नाटक त्यांनी आधी मराठीत आणलं होतं. त्यात वसंतसेना ही गणिका आणि चारुदत्त हा दरिद्री, सज्जन माणूस. म्हणजे गणिकेच्या खऱ्या प्रेमाचा विषय देवलांनी पूर्वी हाताळलेला होता. पण वसंतसेनेला शेवटी वधूचा मान मिळतो तो नव्या राजाच्या आज्ञेने. राजाने सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला. रेवतीच्या काळात असा राजा कुठला? तिच्याकडे आहे तो एका माणसाचा शब्द आणि त्याने दिलेली तसबीर. म्हणून ती हरवणं बेलिंडासाठी गैरसोय आहे, आणि रेवतीसाठी उभं आयुष्य पणाला लागणं आहे.

[पडद्यावर: कृत्तिका]

आता कृत्तिका. प्रयोगात ती हमखास हशा घेते. नवऱ्यावर पाळत ठेवणारी, जाब विचारणारी, ऐकून न घेणारी. वरवर बघितलं तर नवराबायकोची अगदी बरोबरीची जोडी. तो जेवढा संशयी तेवढीच ती.

पण साल बघा. देवलांचं गद्य नाटक १८९३ चं. त्याच्या सहाच वर्षं आधी, १८८७ मध्ये, मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं होतं, की नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहावरून बारा केलं, आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं. आणि एकीवर दुसरी बायको करायला हिंदू पुरुषाला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ती आली १९४६ मध्ये, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने.

हे ध्यानात ठेवून कृत्तिकेकडे बघा. तिच्या नवऱ्याने उद्या दुसरी बाई घरात आणली, तर ती कोणाकडे दाद मागणार? फाल्गुनरावाचा संशय हा त्याच्या स्वभावाचा भाग आहे. कृत्तिकेचाही स्वभाव आहेच, पण तिच्या भीतीला खाली जमीन आहे. तिचा अंदाज त्या दिवशी चुकला हे खरं. पण तिला भीती वाटावी अशीच ती व्यवस्था होती. तरीही देवलांची कृत्तिका कोपऱ्यात बसून डोळे पुसत नाही, ती भांडते. त्या काळातली रंगभूमीवरची गृहिणी नवऱ्याच्या तोंडावर त्याच्या चारित्र्याचा हिशेब मागते आणि प्रेक्षकांना ती हवीहवीशी वाटते, याचं मला फार कौतुक आहे. म्हणून तिला नुसती कजाग रंगवणाऱ्या नटीने अर्धी भूमिका वाया घालवली, असं मी म्हणेन.

संशयाचं हसू किती पातळ असतं, हे देवलांना कोणी शिकवायला नको होतं. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिणारे तेच. तिथे तसबिरीच्या जागी रुमाल आहे. एक वस्तू चुकीच्या हातात दिसते, नवऱ्याची खात्री पटते, आणि निरपराध बायकोचा जीव जातो. बीज तेच. इथे मात्र सगळे वेळेवर एकाच ठिकाणी जमतात, बोलतात आणि वाचतात. दोन्ही नाटकं लागोपाठ वाचली तर लक्षात येतं, की फाल्गुनराव आणि झुंझारराव यांच्यात अंतर आहे ते फक्त वेळेवर मिळालेल्या उत्तराचं.

आता बायकांच्या भूमिकांबद्दल बोलतेय, तर त्या करत कोण होतं, हे सांगायलाच हवं. १९१६ मध्ये रेवती होते बालगंधर्व, आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. बालगंधर्वांच्या रेवतीने महाराष्ट्राला वेड लावलं. त्यांच्या कलेबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण विचार करा, प्रतिष्ठित नाटक मंडळीच्या रंगमंचावर नायकिणीच्या मुलीची व्यथा गायला पुरुष चालत होता, आणि प्रत्यक्ष त्या घरांतल्या मुलींना तिथे जागा नव्हती. गाणं त्यांच्याकडे होतं, अभिनय होता. गायिका मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डी गावच्या. लहान वयात त्या नाटक कंपनीत होत्या, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीतही होत्या. म्हणजे बायकांच्या वेगळ्या कंपन्या होत्या, पण मान मोठ्या मंडळ्यांचा.

हे बदलायला वेळ लागला. हिराबाई बडोदेकरांनी पुढे स्वतःची नाटक मंडळी काढली, त्यात स्त्रिया आणि पुरुष एकत्र काम करत. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं, त्यात मूळच्या गोव्याच्या गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे होत्या. त्यानंतर हळूहळू रेवतीला बाईचा आवाज मिळाला. आज आपण रेवतीच्या जागी गायिका-अभिनेत्रीच बघतो आणि त्यात काही विशेष वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय.

नाटकाचा शेवट तुम्हाला माहीत असेल. गैरसमज फिटतात, जोड्या जुळतात, आणि ‘हृदयी धरा हा बोध खरा’ हे पद येतं. संशयाला थारा देऊ नका, असं सांगणारं. पद सुंदर आहे. पण इथे माझं देवलांशी थोडं भांडण आहे. तो बोध चौघांना सारखाच केलाय, मर्फीच्या ‘सगळ्यांचंच चुकलं’सारखा. रेवतीलाही संशय आला होता, मान्य. पण तिने अश्विनशेठचं कूळ काढलं नव्हतं. त्याने तिचं काढलं होतं. नाटकभर देवल ही विषमता दाखवतात आणि शेवटच्या पदात ती झाकून टाकतात. हे मला खटकतं.

म्हणून नव्याने प्रयोग करणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. रेवतीचं ‘मजवरी तयांचे प्रेम खरे’ हे पद घ्या. त्यात ती ग्वाही देते ती त्याच्या प्रेमाची. स्वतःच्या प्रेमाची ग्वाही द्यायची तिला गरजच वाटत नाही. हे पद बहुतेक वेळा नुसत्या आनंदाने, ताना घेत म्हटलं जातं, टाळ्याही पडतात. पण नायकिणीच्या घरातली मुलगी ‘त्यांचं प्रेम खरं आहे’ असं म्हणते, तेव्हा ती आईला, शेजारपाजारच्यांना, उद्या तिला हसणार असलेल्या प्रत्येकाला उत्तर देत असते. ठामपणाने म्हटलं, तर पुढे ‘चपल वारांगना’ ऐकताना प्रेक्षक हसणार नाही, त्याला अश्विनशेठचा राग येईल. आणि तो यायलाच हवा.

तुम्ही पाहिलेल्या प्रयोगात रेवतीने हे पद कसं म्हटलं होतं? लाडिकपणे, की ठणकावून? आठवत असेल तर मला जरूर कळवा.