नेऊ की राहू देऊ?

(दृश्य: लहानसं स्वयंपाकघर. फरशीवर एक आजी पडलेल्या. शेजारी हिरव्या गणवेशातली विद्यार्थिनी गुडघे टेकून बसलेली.)

या घरात कोणी राहत नाही. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक सायन्स शिकवणाऱ्या बऱ्याच विद्यापीठांत असा एखादा मांडून ठेवलेला फ्लॅट असतो. पलंग, अडचणीचं बाथरूम, स्ट्रेचर वळणार नाही असा बोळ. फरशीवरच्या आजीही खऱ्या रुग्ण नाहीत, पडल्याचं सोंग वठवायला आल्या आहेत. कोपऱ्यात शिक्षक उभे आहेत, हाताची घडी घालून. ते काही सुचवणार नाहीत.

आजी एकच गोष्ट विचारतात: मला हॉस्पिटलात नेणार का?

(दृश्य: विद्यापीठाचा कॉरिडॉर, हिरव्या गणवेशातले विद्यार्थी.)

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे 'पोरगा पॅरामेडिकलला आहे' म्हटलं की रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, ऑपरेशन थिएटरमधला तंत्रज्ञ, सगळेच त्यात आले. ब्रिटनमधला पॅरामेडिक म्हणजे 999 ला फोन लावल्यावर रुग्णवाहिकेतून दारात येणारा माणूस. नोंदणी नसताना स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेणं तिथे गुन्हा आहे. पूर्वी रुग्णवाहिका सेवा आपल्याच कर्मचाऱ्यांना नोकरीत शिकवून तयार करायची. 1996 मध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाने या विषयाची पदवी सुरू केली. सप्टेंबर 2021 पासून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या शिक्षणासाठी ऑनर्स पदवी हीच किमान पायरी ठरली.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1965 मध्ये बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा शॉक देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र, तयार केला. वजन 70 किलो, तरी त्याला 'पोर्टेबल' म्हणायचं! यंत्र रुग्णापर्यंत गेलं, पण त्याच्यासोबत डॉक्टर लागायचा. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रायटनमधले हृदयरोगतज्ज्ञ डग्लस चेंबरलेन यांनी रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनाच ईसीजी वाचायला आणि शॉक द्यायला शिकवलं. डॉक्टर गाडीतून उतरला, तो तिथे.

(दृश्य: सरावाची खोली. पुतळ्याच्या छातीवर दाब देणारे हात.)

मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून माणसं आलटून पालटून बसतात. शिरेत सुई लावणं, शीर सापडली नाही तर हाडातून औषध देणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं, हे सगळं हाताला वळण लागेपर्यंत घोटून घेतात. बाहेरून बघणाऱ्याला शिक्षण म्हणजे हेच वाटतं. सायरन, शॉक, धावपळ. खरं सांगायचं तर हा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे, कारण हृदय थांबलेल्या माणसाला काय करायचं याचा क्रम ठरलेला असतो.

फरशीवर पडलेल्या आजींसाठी असा क्रम पुरत नाही.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. विद्यार्थिनी आजींचा पाय तपासते.)

एक पाय आखूड दिसतोय का, बाहेरच्या बाजूला वळलाय का? तसं असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका. डोकं आपटलं का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? किती वेळ पडून होत्या? तासन् तास कठीण फरशीवर पडून राहिलं तर दबलेल्या स्नायूंतून सुटणारे घटक मूत्रपिंडाला बाधतात. आणि मुख्य म्हणजे, पडल्या कशामुळे? पाय घसरला, की आधी चक्कर आली? मग ईसीजी, शुगर, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब.

समजा, सगळं ठीक निघालं. तरी काम संपत नाही. घरात ऊब आहे का? जेवण कोण आणतं? रात्री पुन्हा पडल्या तर कुणाला कळणार? हॉस्पिटलात नेलं तर स्ट्रेचरवर तासन् तास वाट बघणं, संसर्ग, आणि अंथरुणाला खिळून पायांतली उरलीसुरली ताकद जाणं. घरी ठेवलं आणि चुकलं, तर जबाबदारी सही करणाऱ्याची.

आजी शुद्धीत आहेत आणि 'मी येणार नाही' म्हणाल्या तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005चा कायदा सांगतो की माणसाला सांगितलेलं समजत असेल, लक्षात राहत असेल, त्याचा साधकबाधक विचार करता येत असेल आणि आपला निर्णय कळवता येत असेल, तर तो निर्णय मानायचा, आपल्याला शहाणपणाचा वाटो न वाटो. विशीच्या पोरांना हे पचवणं ईसीजीपेक्षा जड जातं.

(दृश्य: रात्र. उभी रुग्णवाहिका, निळा दिवा बंद.)

अभ्यासक्रमाचा मोठा हिस्सा अशा गाड्यांवरच जातो, बारा बारा तासांच्या शिफ्टमध्ये, अनुभवी पॅरामेडिकच्या हाताखाली. काही आठवडे प्रसूती विभाग, ऑपरेशन थिएटर, मानसोपचार. परत येऊन संदर्भ देत निबंधही लिहायचे. शिवाय बहुतेक सेवांना साडेतीन टनांवरची गाडी चालवण्याचा परवाना लागतो, त्याची परीक्षा वेगळी.

(दृश्य: महाराष्ट्रातला हमरस्ता. 108 लिहिलेली रुग्णवाहिका.)

महाराष्ट्राने जानेवारी 2014 मध्ये दुसरी वाट धरली. 108 सेवेच्या 937 गाड्या आल्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षणाच्या, आणि गाडीत डॉक्टर, अनेकदा बीएएमएस झालेला. ब्रायटनमध्ये उतरलेला डॉक्टर इथे गाडीत बसला. 2021 मध्ये आपल्या संसदेने केलेल्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीत पॅरामेडिक हे नाव आलं आहे. पण घरी येऊन तपासून 'तुम्हाला न्यायची गरज नाही' असं डॉक्टर नसलेल्या कुणी सांगितलं, तर आपल्या घरातले किती जण ऐकून घेतील?

(दृश्य: स्वयंपाकघर. आजी आता खुर्चीत.)

ईसीजी ठीक. पाय ठीक. आजी पुन्हा तेच विचारतात. विद्यार्थिनी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि थांबते. वाकून ती आजींच्या पायांतल्या सपाता हातात घेते. टाचा दबलेल्या, तळवा झिजून गुळगुळीत.

"घरात रोज याच घालता?"

कोपऱ्यातल्या शिक्षकांनी हाताची घडी सोडली. कागदावर काहीतरी लिहून घेतलं.