कायदा होता, तरीही

मध्य आफ्रिकेतला चाड. देशाला समुद्रकिनारा नाही आणि तेल दक्षिणेला, डोबाच्या खोऱ्यात. ते विकायचं तर शेजारच्या कॅमेरूनमधून क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत हजार किलोमीटरहून लांब पाइपलाइन टाकायला हवी. तेल कंपन्या तयार होत्या, पण जागतिक बँक सोबत असेल तरच. बँकेने अट घातली: तेलाच्या पैशाचं काय करणार, ते आधी कायद्यात लिहा.

१९९९ मध्ये चाडने तसा कायदा केला. कागदावर तो नमुनेदार होता. पैसा आधी लंडनमधल्या खात्यात जमा होणार. १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला, उरलेल्यातला मोठा वाटा शिक्षण, आरोग्य, रस्ते यांना. देखरेखीच्या समितीत सरकारबाहेरची माणसंही होती.

२००३ मध्ये तेल वाहू लागलं. डिसेंबर २००५ मध्ये संसदेनेच कायदा बदलला. पुढच्या पिढ्यांचा निधी रद्द झाला आणि प्राधान्याच्या खर्चात सुरक्षा आली. राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी १९९० मध्ये बंड करूनच सत्तेवर आलेले, आणि आता त्यांच्याविरुद्ध पूर्वेकडे बंड उभं राहत होतं. त्यांना शस्त्रं हवी होती. त्यांचा हात धरेल असं देशात कुणी नव्हतं. बँकेने कर्ज थांबवलं, मग तडजोड केली. २००८ मध्ये तेलाचे भाव भडकले, चाडने बँकेचं कर्ज मुदतीआधीच फेडलं आणि अटींचा प्रश्नच मिटला.

याउलट नॉर्वे. तिथे उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडलं १९६९ मध्ये. तेलाचा पैसा साठवणाऱ्या निधीचा कायदा १९९० चा, पहिला भरणा १९९६ चा. निधीतून दरवर्षी किती काढायचं याचा नियम २००१ मध्ये ठरला: निधीच्या सरासरी ४ टक्के, २०१७ पासून ३. गंमत अशी, की ही मर्यादा कायद्यात नाहीच. संसदेने मान्य केलेला तो फक्त संकेत आहे.

मग तो पाळला का जातो? कारण नॉर्वेची राज्यघटना १८१४ ची, आणि सरकारी खर्च तपासणारी संस्था १८१६ पासूनची. तेल आलं तेव्हा लोक पिढ्यानपिढ्या कर भरत होते आणि सरकारला हिशेब मागत होते. ज्या सरकारला खजिना भरायला जनतेची गरजच नसते, त्याला हिशेब कोण विचारणार?

२०२० च्या महासाथीत नॉर्वेने ३ टक्क्यांची रेषा ओलांडली. उघडपणे, संसदेच्या मंजुरीने. २०२२ मध्ये खर्च पुन्हा त्या रेषेखाली आला.