खालची फळी बंद, वरची उघडी

(रस्ता, गॅरेज, ट्रक. मग घर.)

ब्रुकलिनचा क्लॅरेंडन रोड. गाड्या दुरुस्तीची गॅरेजं, ट्रकचे हॉर्न. आणि त्यांच्यामध्येच हे उतरत्या छपराचं, लाकडी फळकुटांनी मढवलेलं बैठं घर. विकॉफ हाउस. साधारण 1652 सालचं, न्यूयॉर्क शहरातलं सगळ्यात जुनं. 1965 मध्ये शहराने ऐतिहासिक वास्तूंची नोंद सुरू केली, तेव्हा पहिला नंबर ह्याचाच लागला.

(मुलं दारात.)

शाळेची सहल आली आणि दारातच अडकली. कारण दार मधोमध आडवं कापलेलं आहे. खालची फळी लावली की कोंबड्या-डुकरं आत येत नाहीत, वरची उघडी ठेवली की उजेड येतो. प्रत्येकाला ते एकदा उघडून, एकदा लावून बघायचंय. बघू दे. तासाचं काम तिथूनच सुरू झालंय.

(लाकडी भांडं, जवळून.)

उंच, निमुळतं लाकडी भांडं. झाकणाला भोक, भोकातून दांडा, दांड्याच्या टोकाला फुली. आपली रवी गरगर फिरते. हा दांडा वर-खाली चालतो. घुसळण्यापेक्षा कांडण्यासारखं. आत दही नाही, नुसती साय.

पहिली मुलगी जोरात सुरू करते. वीस-पंचवीस ठोक्यांत दमते. दुसरा येतो, तिसरी येते. आवाज ऐका: आधी पातळ, चुबुक चुबुक. मग साय फुगते, आवाज जड होतो, दांडा हलेनासा होतो. इथे सगळ्यांना वाटतं, झालं. नाही झालं. अजून थोडं, आणि एकदम आवाज फुटतो, आत पाणी हिंदकळायला लागतं. लोणी आलं! ज्यांच्या आजीने घरी ताक केलंय, त्यांना हा आवाज शिकवावा लागत नाही.

पण मुलं अजून मोकळी नाहीत. गोळा थंड पाण्यात धुवायचा, लाकडी उलथन्याने दाबून पाणी काढायचं, मीठ घालायचं. ताकाचं पाणी राहिलं तर लोणी खवट होतं. तेव्हा फ्रीज नव्हता, हे वेगळं सांगायला लागलं नाही.

(चूल, छत, जुन्या तुळया.)

घर पीटर क्लासेनचं. तो 1637 मध्ये इकडे, तेव्हाच्या डच वसाहतीत आला, करारावर बांधलेला शेतगडी म्हणून. सहा वर्षं राबला, सुटला, पुढे गावचा न्यायाधीश झाला. बायको ग्रीट्ये, मुलं 11. घर तेव्हा एका खोलीचं. जमीन ठोकून घट्ट केलेली माती, खिडक्यांना काच नाही. विकॉफ हे आडनाव नंतरचं, 1664 मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतल्यावरचं.

पीटर इकडे आला त्याच दशकात डचांनी आपल्या वेंगुर्ल्यातही वखार घातली. डचांच्या व्यापारी कंपन्या दोन, इथली पश्चिमेकडची, वेंगुर्ल्याची पूर्वेकडची. ती वखार अजून आहे, पडक्या भिंतींची. तिथे गेलेल्या मुलांच्या हाताला मात्र फोटोशिवाय काही लागत नाही.

(लोकर पिंजणारे हात.)

ही लोकर. तारेच्या दातांच्या दोन फण्या, एक धरायची, एक ओढायची. गुंता सुटतो, केस एका दिशेला येतात.

ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, लेनापे लोकांची होती. आणि पुढे ह्या घरात गुलामही राबले. 1790 मध्ये ह्या किंग्ज काउंटीत, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमध्ये, जवळजवळ तीन माणसांमागे एक गुलाम होता. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी 1827 मध्ये संपली.

(पाव, लोणी, चेहरे. निवेदन थांबतं. दहा सेकंद.)

पाव संपला. उलथनं कुणीतरी चाटून ठेवलंय.

(बस. दार.)

शेवटचा मुलगा बाहेर पडतो आणि मागे वळून दार लावतो. आधी खालची फळी.