मातीआड जाणारं काम

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी घराच्या सांडपाण्याबद्दल बोलणार आहे, आणि ते काम ज्याच्या हातून करून घ्यायचं त्या प्लंबरबद्दल. मी इंजिनिअर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत घर सांभाळणारी बाई आहे. पण या एका कामाने आमच्या घराला दोन पावसाळे रडवलं, आणि त्यातून जे शिकले ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आत्ता चर खणलेला आहे त्यांच्या कानावर वेळेत पडावं असं वाटतं.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. संडास परसात, माडांच्या पलीकडे. सासूबाई ऐंशीच्या घरात आल्या, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून रात्री बॅटरी घेऊन त्यांना नेताना माझाच जीव मुठीत यायचा. म्हणून मागच्या पडवीत संडास-बाथरूम काढायचं ठरवलं. काम तालुक्याच्या एका कंत्राटदाराला अंगावर दिलं, म्हणजे सामानासकट सगळं त्याचं. त्याची पोरं दुपारी आली, चर खणला, पाईप टाकले. मी चुलीपाशी त्यांच्या जेवणाच्या गडबडीत. संध्याकाळी चहा घेऊन मागे गेले तर चर बुजवलेला. दुसऱ्या दिवशी वर कोबा. माझ्या घराखालून काय गेलं आणि कसं गेलं, हे मी बघितलंच नाही.

मे महिन्यात सगळं छान चाललं. जुलैत पाऊस धरला आणि एका पहाटे फ्लश केल्यावर पाणी खाली जायच्या ऐवजी शेजारच्या न्हाणीच्या जाळीतून वर आलं. काय आलं ते सांगायला नको. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे गो, मी आपली जुन्यातच जाईन." ते वाक्य मला फार लागलं.

कंत्राटदार दोनदा आला, बांबू घालून गेला, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. पुढच्या पावसात तीच गत. शेवटी शेजारच्या वाडीतल्या प्लंबरना बोलावलं. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. खरं तर पहिल्यांदाच बोलवायला हवं होतं. पण पंप दुरुस्त करणारा, नळाचा वॉशर बदलणारा गावातला माणूस एवढं मोठं काम कसं करेल, असं आम्हाला वाटलं होतं. ही आमची चूक होती, आणि मी ती मोकळेपणी सांगते.

दादांनी पिशवी उघडलीच नाही. आधी विहिरीपाशी गेले आणि विचारलं, "वहिनी, ऑगस्टात पाणी कुठल्या चिऱ्यापर्यंत येतं?" मी दाखवलं. मग आगराच्या खालच्या अंगाला गेले, गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी वाकून बघितलं, छपराची पन्हळ कुठे सुटते ते बघितलं. अर्धा तास नुसते फिरत होते. तेव्हा मला उमजलं की स्थानिक माणूस घ्यायचा तो काही तो हाकेच्या अंतरावर असतो एवढ्यासाठीच नाही. आपल्या जमिनीखाली पावसाळ्यात काय चालतं ते त्याला ठाऊक असतं. इथे वर्षाला 3 हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. जांभा दगड स्पंजासारखा, त्यातून पाणी झपाट्याने मुरतं आणि तितक्याच झपाट्याने दुसऱ्याच्या विहिरीत उतरतं. माझी नणंद सोलापूरकडे असते. तिथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाईपखाली मुरूम-वाळूचा थर नीट दिला नसेल तर सांधे निखळवते. तिकडच्या प्लंबरचं शहाणपण तिकडचं, इकडच्याचं इकडचं.

मग कोबा फोडला. आमच्या पोटात गोळा. आत चार चुका सापडल्या, आणि चारही अशा की पहिल्या दिवशी कुणी उभं राहून बघितलं असतं तर दिसल्या असत्या.

पहिली, ढाळ. संडासाच्या चार इंची पाईपला 40 फुटांना 1 फूट ढाळ हा साधा हिशोब. आमची लाईन 30 फुटांची, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 9 इंचांचा फरक हवा. दादांनी गवंड्याची लेव्हलची नळी काढली, ती पारदर्शक, पाणी भरलेली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. फरक जेमतेम 3 इंच, आणि मध्ये पाईप झोळीसारखा लोंबलेला. खाली भराव ठोकलाच नव्हता. एक गोष्ट मला नव्याने कळली: ढाळ वाटेल तेवढा वाढवूनही चालत नाही. फार दिला तर पाणी धावत पुढे जातं आणि मैला मागे चिकटून राहतो.

दुसरी चूक पावसात पाणी उलटण्याचं खरं कारण होती. पन्हळीचं पाणी त्याच चेंबरमध्ये सोडलं होतं. एवढ्या छपराचं मुसळधार पाणी, संडासाचं पाणी, सगळं एका पाईपात. सेप्टिक टाकी, जिला आपण सगळे सेफ्टी टाकी म्हणतो, ती असल्या लोंढ्याने ढवळून निघते. तळाशी बसलेला गाळ उठतो आणि शोषखड्ड्यात जाऊन त्याची भोकं बंद करतो. पावसाचं पाणी या लाईनीत एक थेंबही नको.

तिसरी, व्हेंट पाईप, म्हणजे लाईनीतली हवा छपरावर सोडणारा उभा पाईप, नव्हता. फ्लश केला की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा. आम्हाला वाटायचं नवीन आहे म्हणून. दादा म्हणाले, "पाईपाला श्वास घ्यायला वाट नाही, म्हणून तो ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाटीतलं पाणी ओढतोय." आता छपराच्या वर डोकं काढलेला व्हेंट आहे आणि त्याच्या तोंडाला जाळी. ती जाळी विसरू नका. आरोग्य खात्याची माणसं दारोदार येऊन हेच सांगत असतात, कारण उघड्या व्हेंटमधून टाकीत डासांची पैदास होते.

चौथी चूक आठवली की अजून अंगावर काटा येतो. शोषखड्डा विहिरीपासून तीसेक फुटांवर होता. नियमाने पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर, म्हणजे साधारण 60 फूट लांब हवा, आणि जांभ्यात तर त्याहून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. शिवाय तो इतका खोल खणला होता की पावसाळ्यात जमिनीतलंच पाणी त्यात भरायचं. मग टाकीतलं पाणी मुरणार कुठे? आम्ही विहिरीचं पाणी तपासून घेतलं आणि तो सगळा मोसम उकळून प्यायलो. दादांनी नवा खड्डा गडग्याच्या खालच्या बाजूला, उथळ आणि लांबट घेतला.

ट्रॅपबद्दल जरा थांबून सांगते, कारण या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली वस्तू ती आहे. न्हाणीच्या जाळीखाली जी वाटी असते तिला देशभरातल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी तिथे जाऊन बसली आहे. त्या वाटीत कायम दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर पाणी उभं राहतं. पलीकडे गटाराची हवा, झुरळं, किडे आणि अलीकडे आपण, मध्ये एवढीच पाण्याची भिंत. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये सार्सची साथ पसरली आणि तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात दिसलं की बाथरूमचे बरेच ट्रॅप कोरडे पडले होते आणि त्या वाटेने रोग घराघरांत शिरला होता. आपल्याकडे किती घरं वर्षभर बंद असतात! चाकरमानी गणपतीला येतात, दार उघडतात आणि घरात दुर्गंधी. बरेचदा काहीच बिघडलेलं नसतं, ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. आणि घर बंद करून जाताना पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर आटत नाही.

आता माणूस कसा निवडायचा. त्याने मागच्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्याकडे काम केलं, त्यांच्या घरी जा, आणि घरातल्या बाईला विचारा, कारण तुंबल्यावर निस्तरायचं तिलाच असतं. प्रश्न एकच, पावसाळा कसा गेला. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आपल्या आसपासची पोरं तो करून आलेली असतात, त्यांना संधी द्या. शहरात पालिकेच्या लाईनीला जोडायचं असेल तर परवानाधारक प्लंबरच लागतो, ते आधी विचारून घ्या. आणि माणूस घराचा नकाशा ठरताना बोलवा. जोतं भरून झाल्यावर त्याला बोलवलं तर बिचारा मिळेल तिथून पाईप काढतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

बोलणी कागदावर करा. मजुरीवर की अंगावर, चर कोण खणणार, भिंतीला झिऱ्या कोण मारणार, बुजवणार कोण, चेंबर किती. भांडणं पैशापेक्षा या गोष्टींवर जास्त होतात. सामान आणायला त्याच्याबरोबर दुकानात जा आणि पाईपावर छापलेलं वाचा. आयएस 13592 हा भारतीय मानकाचा आकडा आणि 'टाईप बी' ही खूण असेल तो संडासाच्या आणि सांडपाण्याच्या लाईनीला. 'टाईप ए' पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला. पैसे वाचवायला म्हणून इथे ए घालू नका. काटकोनी बेंडपेक्षा दोन तिरके बेंड घ्या, वळणाला दारवाला, म्हणजे उघडता येणारं झाकण असलेला बेंड घ्या, म्हणजे तुंबलं तर फरशी फोडावी लागत नाही. स्वयंपाकघराचं पाणी टाकीत सोडू नका. आमच्याकडे ते जाळीच्या चेंबरमधून केळी आणि अळवाला जातं. माशाची खवलं आणि नारळाची शेंडी त्या जाळीत अडकते, रोज सकाळी एक मिनिटाचं काम.

आणि चर बुजवण्याआधीचा एक तास काही झालं तरी सोडू नका. दादांनी लाईनीचं खालचं तोंड बंद केलं, पाणी भरलं, वरच्या पातळीला खडूने खूण केली आणि आम्ही जेवून आलो. खूण जागेवर होती. मग पाणी सोडून त्यांनी एका टोकाला आरसा तिरका धरला आणि मला दुसऱ्या टोकाला बॅटरी धरायला लावली. नंतर जागा बदलून मला बघायला बोलावलं. पाईपाच्या अंधारात उजेडाचं अख्खं गोल वर्तुळ. म्हणाले, "पौर्णिमेचा चंद्र दिसला पाहिजे वहिनी. अष्टमीचा दिसला तर समजायचं, पाईप मध्ये बसलाय." मी चाळीस वर्षं संसार करते आहे, पण माझ्या घराखालचा चंद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मुलाने टेप लावून सगळ्या लाईनीचे फोटो काढले, मी वहीच्या पानावर नकाशा काढला आणि तो मागच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कोपऱ्यापासून किती फुटांवर कुठला पाईप, सगळं त्यात आहे.

एक गोष्ट अगदी कळवळून सांगते. जुनी टाकी उपसायची वेळ आली तेव्हा आम्ही दादांना सहज म्हणालो, एखादा माणूस उतरवून साफ करून घेऊ का. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतला वायू दिसत नाही, पण घोटभर गेला तरी माणूस खाली बसतो तो उठत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो." 2013 च्या कायद्याने सेप्टिक टाकी आणि गटार हाताने साफ करायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. नगरपालिकांकडे आणि खासगी लोकांकडे उपसा करणारे टँकर असतात, दोन-तीन वर्षांतून एकदा बोलवा. कुणाच्याही मुलाला चारशे-पाचशे रुपयांसाठी त्या तोंडातून आत पाठवू नका.

दुसरं काम आम्हाला पहिल्यापेक्षा महाग पडलं. दादांनी मजुरीतला शेवटचा हिस्सा स्वतःच मागे ठेवायला सांगितला, पाऊस लागल्यावर द्या म्हणाले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ते छत्री घेऊन आले, घरात न येता थेट मागे गेले, तिन्ही चेंबरची झाकणं उचलून बघितली. मी पैसे आणि चहा एकदमच नेला.

गेल्या गणपतीला घरात बावीस माणसं होती. विसर्जनाच्या आदल्या रात्री दादांचा फोन आला, "वहिनी, चेंबर उघडून बघितलं का?" मी बॅटरी घेऊन मागे गेले. पाणी स्वच्छ वाहत होतं. परत आले तर पडवीत दिवा लागलेला, आणि सासूबाई भिंतीचा आधार घेत एकट्याच बाथरूममधून बाहेर येत होत्या.

नमस्कार.