बुडबुड्यांच्या आधीचा समुद्र

मित्रहो, एम.एस्सी.साठी मी जर्मनीत होते, तेव्हा अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून इटलीतल्या इस्किया बेटावर क्षेत्र-अभ्यासाला जायला मिळालं. नेपल्सच्या उपसागराच्या तोंडाशी असलेलं हे जेमतेम 46 चौरस किलोमीटरचं बेट ज्वालामुखीतून घडलंय. लोक तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी येतात. आम्ही गेलो होतो ते थंड बुडबुड्यांसाठी.

बेटाच्या पूर्वेला, समुद्रातल्या खडकावर अरागोनीज किल्ला आहे. दगडी पुलाने बेटाला जोडलेला. त्याच्या पायथ्याशी, कमरेएवढ्या ते दोन-तीन मीटर खोल पाण्यात, तळातून सतत कार्बन डायऑक्साइड वर येतो. हा वायू गरम नाही, त्यात गंधकही नाही. त्यामुळे तापमान तेच, क्षारता तीच. बदलतो तो प्रामुख्याने पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप: आकडा जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे सगळ्याच समुद्रांचा पीएच हळूहळू उतरतोय, आणि उद्याचा समुद्र कसा असेल याची झलक इथे आजच दिसते. प्रयोगशाळेतल्या टाकीत आम्लता वाढवून आपण फार तर दोन-चार जातींचे प्राणी तपासू शकतो. इथे अख्खी वस्तीच त्या पाण्यात राहते. सागरी जीवशास्त्रज्ञ जेसन हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात याच जागेवरचं संशोधन प्रसिद्ध केलं.

आम्हाला वाटलं, थेट बुडबुड्यांवर नेतील. तसं झालं नाही. शिक्षक आधी लांब घेऊन गेले, जिथे एकही बुडबुडा नाही आणि पीएच नेहमीसारखा 8.1 च्या आसपास आहे. तिथे तळावर मोजणीची चौकट टाकायची, आतलं सगळं पाटीवर टिपायचं, मग पुढची चौकट. आपल्याकडे मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीला खडकावर उतरून, उकिडवं बसून मोजता येतं. भूमध्य समुद्रात हा फरक इस्कियाजवळ अर्धा मीटरही नसतो. म्हणून सगळं काम पाण्यात, तोंडात स्नॉर्केल धरून. लाट आली की चौकट हलते आणि मोजणी पहिल्यापासून.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. साधा समुद्र डोळ्यांत बसला नसेल, तर बुडबुड्यांजवळ काय नाहीसं झालंय हे कळणारच नाही. जे नाही ते दिसत नसतं.

एकच पान घ्या. पोसिडोनिया हे भूमध्य समुद्रातलं समुद्रगवत. ते शैवाल नाही. त्याला मुळं आहेत, फुलं येतात, आणि पानं लांब फितीसारखी. साध्या पाण्यातल्या पानावर फिकट गुलाबी-पांढरा खरखरीत थर असतो: चुनखडी शैवाल, नळीत राहणारे बारीक कृमी. बोट फिरवलं की लागतो. तेच पान बुडबुड्यांजवळ स्वच्छ, हिरवंगार. पाहणारा म्हणेल, किती निरोगी! गवताची वाढ तिथे खरोखरच जोमाने होते, कारण प्रकाशसंश्लेषणाला कार्बन मुबलक मिळतो. पण त्या पानावरची वस्ती मोडलेली असते. हॉल-स्पेन्सर यांच्या पाहणीत गवताचं उत्पादन सर्वाधिक निघालं ते सरासरी पीएच 7.6 असलेल्या जागी. तिथेच गोगलगायींचे शंख विरघळत होते.

8.1 वरून 7.8 हा फरक किरकोळ वाटतो. पीएचची पट्टी लॉगॅरिदमची आहे, 0.3 ने घसरण म्हणजे हायड्रोजन आयन जवळपास दुप्पट. कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि कवच बांधणं जड जातं. पीएच 7.8-7.9 पर्यंत उतरलेल्या पट्ट्यात खडकावरची प्रवाळं दिसेनाशी झाली, सी-अर्चिन हे काटेरी गोल प्राणी आणि चुनखडी शैवालं रोडावली.

या जागेला मर्यादाही आहेत, आणि त्या आमच्याकडून लिहून घेतल्या गेल्या. वारा-प्रवाह बदलला की पीएच वरखाली होतो. मासे येतात-जातात. पिल्लं, डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) बाहेरच्या चांगल्या पाण्यातून वाहत येतात. उद्याच्या सगळ्या महासागराला अशी 'बाहेरची' जागा उरलेली नसेल.

मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ लागली ती तिथे टिकून राहिलेल्या कृमींची. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुडबुड्यांजवळचे कृमी बाहेरच्या साध्या पाण्यात आणि बाहेरचे बुडबुड्यांजवळ ठेवून पाहिले होते. प्लॅटिनेरिस ड्युमेरिलाय या कृमीची बुडबुड्यांजवळची वस्ती बाहेरच्यांपेक्षा आनुवंशिकदृष्ट्याही वेगळी निघाली, म्हणजे ती पिढ्यांमधून जुळवून घेत आली. अँफिग्लेना हा दुसरा कृमीही तिथेच राहतो. त्याने मात्र जनुकं तशीच ठेवून, शरीरक्रिया बदलून निभावलं. एकच पाणी, एकच खडक, आणि जगण्याच्या दोन वाटा. कोण कुठली वाट धरेल हे आधीच सांगता येईल का, यावर काम करायला तुमच्यातल्या कुणीतरी यावं, असं मला मनापासून वाटतं.